ठिगळावरचे नाव

चैत्र अर्धा सरला होता, तरी नवलगुंदाकडच्या काळ्या रानांतून जोंधळ्याचा कडबा अजून निघतच होता. प्रेमानंदाची पिकअप गाडी तो कडबा पाठीवर घेऊन हुबळीच्या बाजूने आपल्या गावाकडे, रायापूरकडे येऊ लागली की दिसण्याच्या कितीतरी आधी ती ऐकू येई. रस्त्याकडेच्या टपरीवरील माणसे बोलणे थांबवीत. झाडाला बांधलेली म्हैस दाव्याला हिसका देई. शेजारीपाजारी कपाळाला आठी घालीत, आणि कोणी तरी हमखास म्हणे, "आला बघा रणगाडा."

गाडी जुनी होती. मूळच्या पांढऱ्या रंगावर प्रेमानंदाने हाताने निळा रंग चढविला होता आणि तोही आता उन्हाने विटला होता. इंजिन मात्र इमानी होते. कुजले होते ते खालचे अंग. इंजिनातला धूर ज्या नळीतून मागे जातो, मध्ये ज्या लोखंडी डब्यात त्याचा आवाज जिरतो आणि शेवटी ज्या तोंडातून तो बाहेर पडतो, त्या सगळ्यालाच मिळून लोक सायलेन्सर म्हणतात. तो सारा सायलेन्सर गंजून पापुद्र्यासारखा झाला होता. डब्याला पूर्वी मारलेल्या ठिगळाची एक कड सुटली होती, आणि तेथून धुराबरोबर कधी कधी ठिणगीही निसटे.

त्या आवाजात बोलणे शक्य नसे. म्हणून गाडीत बसणारी तिघे, प्रेमानंद, त्याची बायको सुकन्या आणि म्हातारी आई चंपाबाई, एकमेकांशी हातांनी बोलत. आडवा तळहात म्हणजे थांब. बोट वर म्हणजे पेंढी सुटली. मूठ तोंडाशी नेली म्हणजे पाणी. चंपाबाईचे काम गंजी रचण्याचे होते. कडब्याच्या पेंढ्या बुडखा बाहेर, शेंडा आत अशा रचून ती एवढी उंच गंजी उभी करी की वळवाचा वारा तिच्या अंगाला लागून निमूट पुढे जाई. हे तिचे हात होते म्हणून धारवाडच्या पलीकडील गोठ्याचे कडब्याचे काम या घराला मिळाले होते, आणि पाऊस पडेपर्यंत घरातली चूल त्याच कामावर पेटायची होती.

तो गोठा धारवाडातील मळमड्डीच्या गुरुराज वकिलांचा. वकिली सोडल्यावर त्यांनी म्हशी घेतल्या होत्या. फाटकातून आत गेल्यावर डाव्या हाताला दगडी कट्टा होता. कडबा उतरवून झाला की चंपाबाई त्या कट्ट्यावर टेकत असे. भर उन्हातही तो कट्टा सकाळी नुकताच धुतल्यासारखा स्वच्छ असे, आणि त्याच्या गारव्याने तिच्या कमरेला बरे वाटे. परत निघताना वकील गोठ्याच्या दारात येत, हात वर करीत आणि काही बोलत. गाडीच्या गडगडाटात शब्द ऐकू येत नसत, ओठ तेवढे हललेले दिसत. चंपाबाई प्रत्येक वेळी खिडकीतून त्यांना हात जोडी.

"काय म्हणतात गं, अव्वा?" सुकन्येने एकदा घरी गेल्यावर विचारले होते.

"काय म्हणणार? सावकाश जा म्हणत असतील. मोठं माणूस."

त्या दिवशी मात्र वकील गाडी बंद होण्याचीच वाट पाहत उभे होते. त्यांच्या हातात एक पेंढी होती. तिचा बुडखा काळा पडला होता.

"प्रेमानंद, हे काय आहे?"

"मागच्या खेपेची हाय काय, साहेब?"

"मी विचारतोय, हे काय आहे? जळलंय की नाही हे?"

"ठिणगी उडाली आसंल."

"आसंल!" वकिलांनी गोठ्यात काम करणाऱ्या गड्यांकडे पाहून तो शब्द पुन्हा उच्चारला, "आसंल! उद्या माझी गंजी पेटेल, खाली बांधलेली जनावरं होरपळतील, आणि हा उभा राहून म्हणेल, आसंल! तुमचं सगळं हे असंच. ठिगळ मारायचं आणि ढकलायचं. आधी तो सायलेन्सर बदल. बदलल्याशिवाय ही गाडी या फाटकातून आत यायची नाही. कडबा आणणारे पुष्कळ आहेत. आमच्या चंपाचा मुलगा म्हणून इतके दिवस चालवून घेतलं."

गडी हसले नाहीत, पण त्यांनी मानही वळविली नाही. प्रेमानंदाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो चाळिशीच्या पुढचा माणूस होता, त्याच्या छातीवरचे केस पिकू लागले होते, आणि त्याला त्याच्या आईच्या नावाने, तेही एकेरी, असे हाकारले जात होते. त्याने पेंढी घेतली, तिचा जळका बुडखा हाताने चुरडला आणि काळी राख विजारीला पुसली.

"बदलतो," तो म्हणाला.

*

बदलायचा म्हणजे काय, ते हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कळले. तिथल्या सुट्या भागांच्या दुकानदाराने गाडीचे साल विचारले आणि हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"याचा पुरा सेट मागवावा लागतो, अण्णा. आणि आला तर त्याच्या किमतीत तुमची अख्खी गाडी जाईल."

मागे उभे असलेले गिऱ्हाईक मनापासून हसले. प्रेमानंदही हसला, कारण न हसून चालण्यासारखे नव्हते.

रायापुरातच रस्त्याला लागून ईरण्णाचे गॅरेज होते. आवारात अपघातात सापडलेल्या, मालकांनी टाकून दिलेल्या गाड्या गवतात बसल्या होत्या. ईरण्णा माणूस जाड, बोलका आणि कानडीत व मराठीत सारख्याच सफाईने लबाड होता.

"एनप्पा प्रेमण्णा! तुझ्या गाडीच्या आवाजानं माझ्या चहावरची साय फाटली की!"

"सायलेन्सर पाहिजे. नवा परवडत न्हाई."

ईरण्णा गाडीखाली शिरला, बोटाने डबा वाजवून पाहिला आणि गंजाचा चुरा तोंडावर पडल्याने शिव्या देत बाहेर आला. "पुढचा पाईप चालतो. मधला डबा आणि शेपूट गेलं. जुन्या हुबळीत गुजरीच्या भंगारात जातो, तुझ्याच गाडीचा चांगला डबा शोधून आणतो. बसवून देतो. घरातला माणूस तू."

"मजुरी?"

"पैसे मागितले काय मी? पलीकडं माझ्या घराचा पाया निघालाय. खाणीवरचा दगड वाहून टाक. दगड पडला की सायलेन्सर बसला. आगली? ठरलं?"

"आगली," प्रेमानंद म्हणाला.

मग प्रेमानंद आणि सुकन्या दगड वाहू लागली. खाणीत सकाळपासूनच दगड तापत. तो उचलायचा म्हणजे आधी त्याला पायाने उलथून त्याच्या पोटाखालचा विंचू-काटा बघायचा, मग दोघांनी दोन बाजूंनी वाकायचे, श्वास धरायचा आणि एकदम उठायचे. सुकन्येच्या तळहातांना पहिल्या दिवशी फोड आले, ते दुसऱ्या दिवशी फुटले आणि त्यानंतर तिने हातांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. पायाच्या खड्ड्याशी ईरण्णा खुर्ची टाकून बसलेला असे. "तो मोठा कोपऱ्याला, अक्का. अगं, कोपऱ्याला! इतका अलगद ठेवतेस, पोर झोपवतेस काय?" गाडीची गर्जना, दगडांची धूळ आणि ईरण्णाचे हे बोलणे, सगळे ती दोघे गिळत होती. दगड पडला की सायलेन्सर बसणार होता, आणि सायलेन्सर बसला की फाटक उघडणार होते.

संध्याकाळी चंपाबाई सुनेच्या तळव्यांना कोमट तेल लावीत असे. एका संध्याकाळी तिने विचारले, "जुना डबा त्यानं आधीच काढून ठेवून घेतला काय?"

"हां. गुजरीला बदल्यात द्यावा लागतो म्हणाला."

"माझं ठिगळ गेलं म्हणजे त्यात."

"गेलं तर जाऊ दे की," प्रेमानंद भिंतीला टेकून म्हणाला. "ते काय जपायचं व्हतं?"

ते ठिगळ म्हणजे एका स्टीलच्या ताटाचा तुकडा होता.

ती नवी लग्न होऊन आली होती तेव्हा मळमड्डीत वेणूबाईंकडे, म्हणजे याच गुरुराजांच्या आईकडे, अंगण झाडायला आणि कपडे धुवायला जात असे. एकदा भांड्यांवर नावे घालणारा दारी आला. वेणूबाईंनी तांब्या, पातेली, वाट्या त्याच्यासमोर मांडल्या, आणि तो इवल्या छिन्नीने टकटक करीत ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे उठवू लागला. शेवटी वेणूबाईंनी एक ताट पुढे सरकविले आणि सांगितले, "यावर घाल, चंपा." ओसरीखाली उभ्या असलेल्या चंपाला स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. एवढ्या मोठ्या घरातल्या भांड्यावर आपले नाव! ताट हातात आल्यावर तिने त्या ठिपक्यांवरून बोट फिरविले. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. त्या बोटाला जी अक्षरे त्या दिवशी कळली, तेवढीच तिला जन्मभर वाचता आली.

ताट न्हाणीघराच्या बाहेरच्या खिडकीत ठेवलेले असे. एके दिवशी घरात पंगत होती, ताटे कमी पडली, आणि नव्या स्वयंपाकिणीने खिडकीतले ताट धुऊन पाहुण्यासमोर वाढले. पाहुण्याने नाव वाचले आणि विचारले, चंपा कोण? मग जे झाले ते चंपाने अंगणातून पाहिले. भातासकट ते ताट दारातून बाहेर आले आणि फरशीवर गरगरत तिच्या पायांशी थांबले. मागून वेणूबाईंचा आवाज आला, "नाव घातलंय ते कशासाठी? कुणी चुकून घेऊ नये म्हणूनच ना!" चंपाने ते ताट उचलले, विसळले, पदराखाली घेतले आणि ती घरी आली. पुन्हा त्या दारात ती गेली नाही. पण ताटात जेवलीही नाही. कोळशाच्या टोपलीवर ते झाकण म्हणून वर्षानुवर्षे पडून राहिले. गाडीचा डबा प्रथम फुटला आणि प्रेमानंद पत्रा शोधू लागला, तेव्हा तिनेच ते त्याच्यापुढे टाकले. "हे काप. धूर खाऊ दे त्याला."

आणि तरीही ती गुरुराजांच्या गोठ्यावर जात होती. "वेणूबाई गेल्या, त्यांच्यासंगं ते गेलं," असे ती म्हणे. "हा शिकलेला. कट्ट्यावर बसते तर ऊठ म्हणत न्हाई. काळ बदलतो रे, प्रेमा."

"बदलतो," प्रेमानंद म्हणे. "फक्त आपल्याला कुणी सांगत न्हाई, कधी बदलला ते."

*

ईरण्णाने बसविलेला सायलेन्सर चांदीसारखा चमकत होता. प्रेमानंदाने किल्ली फिरविली आणि क्षणभर त्याला वाटले, इंजिन सुरूच झाले नाही. मग गाडी हळूच घुरघुरली. ईरण्णाने दोन्ही हात पसरले. "आता बायकोशी भांडलास तर शेजारच्यांना ऐकू जाईल. जपून!"

दुसऱ्या दिवशी तिघे नवलगुंदाकडे गेली, कडबा भरला आणि परत निघाली. गाडीत शांतता होती, आणि तिची सवय नसल्याने ती ओरडूनच बोलत राहिली, मग स्वतःच्याच आवाजाला हसू लागली. सुकन्येने किती तरी दिवसांनी गुणगुणायला सुरुवात केली. हुबळी मागे पडली. चढ लागला, आणि गाडीचा दम सुटू लागला. प्रेमानंदाने पाय दाबला, तरी चाके जणू चिखलात रुतल्यासारखी मंदावली.

"कायतरी जळतंय," चंपाबाई म्हणाली.

"इंजिन तापलं आसंल."

"इंजिन न्हवं. काथ्या जळतोय. काथ्याचा वास मला कळत न्हाई व्हय? थांबव."

गाडीच्या हौद्याचा पत्रा मध्ये हातभर कुजलेला होता. त्या भोकावर ओले पोते टाकून वर कडबा रचण्याची त्यांची पद्धत होती. प्रेमानंदाने दोर सोडले, दोघांनी पेंढ्या रस्त्याकडेला फेकायला सुरुवात केली. खालच्या पेंढ्या हाताला कढत लागत होत्या. शेवटची पेंढी निघाली आणि मोकळा धूर वर आला. पोते कोरडे झाले होते, त्याची कड लाल होऊन हळूहळू पसरत होती. सुकन्येने पिण्याच्या पाण्याचा सारा डबा त्यावर ओतला.

म्हातारी हौद्यात चढली होती. तिने काठीने पोते बाजूला केले आणि भोकातून खाली पाहिले. डब्यावरचा चांदीचा रंग उष्णतेने फुगून पापुद्र्यापापुद्र्याने गळत होता. त्या रंगाखाली जुना गंज होता. गंजाच्या मधोमध एक चकाकता तुकडा होता, आणि त्या तुकड्यावर ठिपके होते.

चंपाबाई कितीतरी वेळ वाकलेलीच राहिली. कंबर अवघडली तरी ती हलली नाही.

"अव्वा, उतर. धूर लागतोय."

"प्रेमा," ती म्हणाली, "हे माझं नाव हाय."

प्रेमानंद वर आला आणि त्याने पाहिले. गाडीखाली गेला, मागच्या नळीत तार घालून ओढली. जळक्या काथ्याचा बोळा बाहेर आला, मागोमाग दुसरा. त्याचाच फुटका डबा होता. ठिगळ दिसू नये म्हणून तो उलटा, पोट वर करून बसविला होता, सुटलेली कड डांबराच्या लुकणाने भरली होती, आत काथ्या कोंबून आवाज बुजविला होता आणि वरून रंग मारला होता. ज्यासाठी सुकन्येच्या तळहातांची कातडी गेली, ते हे.

रस्त्याकडेला पडलेल्या पेंढ्या त्याने एकेक करून तिथेच कडेला रचून ठेवल्या, आणि प्रत्येक पेंढी तो अशी आदळत होता की सुकन्या दूर सरून उभी राहिली.

*

ईरण्णाच्या गॅरेजात चार गिऱ्हाइके बसली होती. गाडी आत घेऊन प्रेमानंदाने जळका बोळा ईरण्णाच्या पायांशी फेकला.

"हे काय रे?"

"गुजरीचा माल, प्रेमण्णा. आत काय असतं, मी काय डोळे घालून बघतो काय?"

"डबा माझाच हाय!"

"तुझा? लोखंडावर नाव असतं काय?"

"हाय," चंपाबाई म्हणाली. "ये. हौद्यात चढ आणि वाच."

"अव्वारे, मी..."

"मोठ्यांदा वाच. ही मंडळी ऐकतील."

गिऱ्हाइके कुतूहलाने उठली होती. ईरण्णाला चढावे लागले. तो वाकला. रंग मारताना त्याला ते ठिपके गंजाचेच वाटले असावेत, कारण त्याचा चेहरा एकदम पडला. पण तो ईरण्णा होता. "चंपा," त्याने वाचले आणि हसला. "या जिल्ह्यात चंपा किती असतील! आणि ताट कुणी गाडीला लावतं? नवऱ्यानं आहेर केला होता काय, अव्वा?"

प्रेमानंदाच्या हातात पाना आला होता. तो केव्हा उचलला हे त्यालाही कळले नसावे. त्याच्या मनगटावर सुकन्येने चिंध्या बांधलेला हात ठेवला.

"मारू नका," ती म्हणाली. "मारून आपलाच दावा खोटा व्हतो. गाडी वळवा. त्याच्या घराच्या पायाकडं घ्या."

"आता कशाला?"

"दगड भरायचे हायत. आपला डबा त्यानं आपल्याला परत दिला. आपले दगड आपण परत घेऊ."

आणि ती चालू लागली. प्रेमानंदाने गाडी पायाच्या खड्ड्याशी नेली. सुकन्या खड्ड्यात उतरली, कोपऱ्यावर तिनेच अलगद ठेवलेल्या मोठ्या दगडाखाली तिने बोटे घातली, श्वास धरला आणि तो उपटला. अजून चुना-सिमेंट काही लागलेले नव्हते. दगड वर आला आणि कोपरा खचला. दुसरा दगड. तिसरा. चिंध्यांतून रक्त आले, तरी ती थांबेना. गिऱ्हाइके आता इकडे येऊन उभी होती. त्यांच्यातला एक म्हातारा कानडीत म्हणाला, "ईरण्णा, घराचा कोपरा उपटलेला बरा नव्हे रे. अपशकुन तो."

ईरण्णा धावत आला. "ए अक्का! बेड, बेड! नको! काय चालवलंय हे?"

"पोर झोपवत व्हते, ते उठवतेय," सुकन्या म्हणाली आणि चौथ्या दगडाला हात घातला.

ईरण्णा गॅरेजाकडे वळला. आवारात गवतात बसलेल्या एका अपघाती पिकअपचा सायलेन्सर त्याने सर्वांच्या देखत काढला, ठोकून दाखविला, आत काही नाही हे उजेडाकडे धरून दाखविले आणि गॅसने जोडून बसविला. त्यावर रंग नव्हता. लोखंडाचा जो असतो तोच करडा, खरा वर्ण होता. जुन्या डब्यावरचे ठिगळ कापून दे, असे चंपाबाईने सांगितले. त्याने ते सांडशीत धरून तिच्यासमोर टाकले. निवल्यावर तिने ते उचलले आणि गाडीच्या काचेपुढच्या कप्प्यात ठेवले.

"गटारात टाक ते," प्रेमानंद म्हणाला.

"राहू दे. अजून त्याचं काम संपलं न्हाई, असं वाटतंय."

*

वाटेत ठेवलेला कडबा परत भरून गाडी आली, तेव्हा गोठ्याचे फाटक उघडले गेले. वकील स्वतः बाहेर आले होते. इंजिनाचा मंद, समाधानी आवाज त्यांनी मान किंचित तिरपी करून ऐकला.

"वा! म्हटलं ना, मनावर घेतलं की सगळं होतं. आता कशी मुकाट्यानं चालते!"

"जी," प्रेमानंद म्हणाला. त्याच्या कानांत अजून राग होता, पण फाटक उघडले होते.

कडबा उतरला. चंपाबाईने गंजीचा एक थर रचला, शेंडे आत दाबले, मग ती त्या दगडी कट्ट्यावर टेकली. कट्टा नेहमीसारखाच गार होता. कागदी पेल्यातून चहा आला, तो ती प्याली. तिचे गुडघे दुखत होते आणि आजच्या दिवसात पहिल्यांदाच तिला स्वस्थ वाटले. मग ती उठली, लुगडे झटकून गाडीत बसली. सुकन्या मध्ये बसली. प्रेमानंदाने किल्ली फिरविली. गाडी अलगद फाटकाकडे सरकू लागली.

गोठ्याच्या दारात वकील आले. त्यांनी नेहमीप्रमाणे हात वर केला. चंपाबाईने नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर हात काढून ते जोडले.

"निंगप्पा," वकिलांचा आवाज आला. तो मोठा नव्हता, रागाचा नव्हता, रोजच्या कामाचा होता. "कट्ट्यावर पाणी मार रे. चंपा बसली होती. थोडं गोमूत्र घाल त्यात."

"रोज मारतोच की, साहेब," निंगप्पा म्हणाला. बादलीची कडी वाजली.

प्रेमानंदाचे हात चाकावर जसे होते तसे राहिले. सुकन्येने सासूकडे पाहण्याचे धैर्य केले नाही. म्हातारीचे जोडलेले हात अजून खिडकीबाहेर होते. तिने ते आत घेतले, त्यांच्याकडे पाहिले, आणि मग जुन्या सवयीने उजवा तळहात आडवा धरला. थांब.

प्रेमानंदाने गाडी थांबविली. इंजिनही बंद केले.

कप्प्यातले ठिगळ घेऊन चंपाबाई उतरली आणि कडब्याच्या चुऱ्यावरून मागे चालत गेली. निंगप्पा रिकामी बादली घेऊन उभा होता. कट्ट्यावरून पाणी ओघळत होते. ती त्या पाण्यात बसली, अगदी मधोमध, आणि तिचे लुगडे भिजून पायांना चिकटले. हातातले ठिगळ तिने शेजारी ठेवले, नाव वर करून. मग तिने दारात उभ्या असलेल्या माणसाकडे मान वर करून पाहिले.

"बोला, गुरुराज," ती म्हणाली. "आता गाडीचा आवाज न्हाई. सगळं ऐकू येतंय."